लाज रुग्णाची, मग विचारायचं कुणी?

रक्तदाबाच्या तपासणीत डॉक्टर झोपेचं विचारतात, मिठाचं विचारतात, चालणं होतं का तेही विचारतात. लघवी वाढवणारी गोळी लिहून देतात. पण लघवी आवरते का, हा प्रश्न बहुधा राहूनच जातो. मग बाहेर जायचं असलं की माणूस त्या दिवसाची गोळी बुडवतो. पुढच्या तपासणीत रक्तदाब चढलेला दिसतो आणि डोस वाढतो. डॉक्टर आपल्या जागी बरोबर, रुग्ण आपल्या जागी बरोबर. मधला एका ओळीचा प्रश्न तेवढा कुणी विचारलेला नसतो.

ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंची दुखणी अशीच वर्षानुवर्षं टिकून राहतात. शिंकताना लघवी सुटणं, घाई लागली की दारापर्यंत न पोचणं, अंग बाहेर येणं, वायू किंवा शौच न आवरणं, संबंधाच्या वेळी दुखणं, बसलं की गुदद्वारापाशी ठणकणं. यांतलं बहुतेक जिवावर बेतणारं नसतं म्हणून तातडीचं ठरत नाही, आणि लाजेचं असतं म्हणून बोललं जात नाही. आरोग्यव्यवस्था म्हणते, त्रास असेल तर लोक सांगतील. लोक म्हणतात, महत्त्वाचं असतं तर डॉक्टरांनीच विचारलं असतं. दोघांपैकी चूक कुणाची, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्याला सगळ्यांत जास्त लाज वाटते त्याच्यावरच विषय काढायची जबाबदारी टाकणं हा अन्याय आहे, आणि वैद्यक म्हणूनही ते कच्चं काम आहे. पेल्विक फिजिओथेरपी, म्हणजे या स्नायूंसाठीचे व्यायाम आणि उपचार, आयुष्याच्या प्रत्येक टप्प्यावर नेहमीच्या तपासणीला जोडलेली हवी आणि पहिला प्रश्न दवाखान्याने विचारायला हवा, एवढंच माझं म्हणणं आहे. मी याच कामात असल्यामुळे हे म्हणणं थोडं स्वार्थी वाटेल, वाटू द्या.

पुढे जघनास्थी, मागे माकडहाड, दोन्ही बाजूंना बसायची हाडं. यांच्यामध्ये ताणलेली स्नायूंची झोळी म्हणजे पेल्विक फ्लोअर. मूत्राशय, गुदाशय आणि बाईच्या शरीरात गर्भाशय यांचा भार तिच्यावर असतो. ही भानगड फक्त बायकांची, असं अनेक पुरुषांना वाटतं. स्नायू त्यांनाही तेच असतात. हे स्नायू दिवसभर थोडे आवळलेलेच राहतात. खोकला यायच्या क्षणभर आधी आपोआप आणखी आवळतात, लघवीला बसलं की सैल होतात. श्वास आत घेतला की किंचित खाली जातात, सोडला की वर येतात. म्हणजे काम दुहेरी आहे: धरायचं आणि सोडायचं. सार्वजनिक चर्चेत मात्र कौतुक फक्त धरण्याचं. दिसेल तिथे सल्ला एकच, केगल करा, म्हणजे हे स्नायू आवळा.

या केगलची गोष्ट थोडी सांगायला हवी. आर्नल्ड केगल हे अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ. या व्यायामावरचा त्यांचा लेख १९४८ सालचा. त्याच्या बारा वर्षं आधी, १९३६ मध्ये, ब्रिटनमधल्या मार्गारेट मॉरिस यांनी बाळंतपणानंतरच्या व्यायामांत हे स्नायू आवळणं-सोडणं घातलं होतं. त्या मूळच्या नर्तकी, पुढे फिजिओथेरपी शिकलेल्या. नाव मात्र केगल यांचं चिकटलं. पण केगल यांच्यावरही अन्यायच झाला. त्यांनी नुसता व्यायाम सांगून बाईला घरी पाठवलं नव्हतं. दाब मोजणारं एक उपकरण त्यांनी वापरात आणलं, म्हणजे आपण योग्य स्नायू आवळतोय की नाही हे बाईला काट्याकडे बघून कळावं. मोजणं, शिकवणं, पुन्हा मोजणं हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होता. तो गळून पडला आणि उरला एक पत्रक: दिवसातून इतक्या वेळा आवळा.

पत्रकाने काय होतं ते १९९१ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं. ४७ बायकांना थोडक्यात तोंडी सूचना दिली आणि लगेच तपासलं. नीट जमलं ते जेमतेम निम्म्या जणींना. आणि चौघींमागे एक जण असा जोर लावत होती की त्याने गळती कमी व्हायच्या ऐवजी वाढण्याचीच शक्यता होती. शौचाला बसल्यावर खाली कुंथतात तसं त्या करत होत्या, आणि आपण व्यायाम करतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं. 'केगल करून पाहिले, काही उपयोग नाही' असं सांगणाऱ्या बाईवर म्हणून मी लगेच विश्वास ठेवते. तिने केलं ते बहुधा काहीतरी वेगळंच असतं.

याउलट शिकवून, तपासून, काही महिने सोबत राहून हेच व्यायाम करून घेतले की निकाल बदलतो. जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात खोकताना-शिंकताना लघवी सुटणाऱ्या बायकांपैकी, व्यायाम घेतलेल्या गटात ५६ टक्क्यांनी त्रास गेल्याचं सांगितलं. काहीच उपचार न घेतलेल्या गटात ६ टक्क्यांनी. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेची शिफारसही अशीच आहे: आधी स्नायू खरंच आवळले जातात का ते तपासा, मग किमान तीन महिने देखरेखीखाली व्यायाम, दिवसातून तीन वेळा, दर वेळी किमान आठदा. औषध नाही, चिरफाड नाही, दुष्परिणाम जवळजवळ नाहीत. असा उपचार पहिल्या पायरीवर ठेवायला आणखी काय पुरावा हवा?

आता दुसरी बाजू, जी पत्रकात कधीच नसते. काहींचे स्नायू ढिले नसतात, कायमचे आखडलेले असतात. लघवीची धार अडखळते, शौचाला बसून बसून पाय बधिर होतात, संबंध असह्य होतात, टॅम्पॉन किंवा पाळीचा कप आत जात नाही. एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं त्या आजारात) वर्षानुवर्षं पाळीच्या वेदना सोसलेल्या मुलीचे स्नायू असे आखडलेले सापडणं नेहमीचं. आखडलेला स्नायू दमलेला असतो, वेळेवर आणखी आवळू शकत नाही, म्हणून यांच्यातही कधीकधी लघवी सुटते. बाहेरून लक्षण तेच, आतली अवस्था अगदी उलट. अशा बाईला आणखी आवळायला सांगितलं तर तिचा त्रास वाढतो. तिला आधी सोडायला शिकवावं लागतं: पोटातून सावकाश श्वास, खुब्यांचे स्नायू ताणायचे व्यायाम, हाताने स्नायू मोकळे करणं, पुढे हवं तर लहान मापाच्या डायलेटरपासून (योनीला हळूहळू सवय करून देणाऱ्या गुळगुळीत नळकांडीपासून) सुरुवात. व्हिडिओ बघून केलेल्या व्यायामाला हा फरक कळायची सोय नाही. तो प्रत्यक्ष तपासल्यावरच कळतो.

हे बाळंतिणीचं खातं आहे, हा आणखी एक पक्का समज. बाळंतपणात या स्नायूंवर बेतते हे खरंच. संगणकावर प्रसूतीचं प्रतिरूप करून पाहिलं तेव्हा त्यांतला सगळ्यांत आतला भाग मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणला जातो असं दिसलं. हातापायांच्या स्नायूला इतकं ताणलं तर तो तुटेल, आणि काही जणींत इथेही तो हाडापासून सुटतोच, विशेषतः चिमटे लावले असतील तर. तरीही सहाव्या आठवड्यातली तपासणी म्हणजे टाके भरले, गर्भाशय आकसलं, कुटुंबनियोजनाचं काय ठरलं, एवढीच. खेळताना गुडघ्याचा स्नायू फाटला तर फिजिओकडे पाठवणं कुणाला विचारावंही लागत नाही. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतरच्या या उपचाराच्या बैठका सरकारी विम्यातून होतात आणि तो तिथे लाडाचा भाग समजला जात नाही. म्हणजे हे करता येतं. पण बाळंतपण हा एक टप्पा झाला. सेवा तिथेच सुरू होऊन तिथेच संपते हेच माझं गाऱ्हाणं आहे.

मुलांचं बघा. सात-आठ वर्षांचा मुलगा, दिवसा चड्डी खराब करतो. घरात ओरडा, शाळेत हसं. मोठ्यांची खात्री असते की तो आळशी आहे किंवा मुद्दाम करतो. प्रत्यक्षात बरेचदा झालेलं असतं असं: कधीतरी शौचाला दुखलं, म्हणून त्याने धरून ठेवलं. धरल्याने ते कडक झालं, कडक झाल्याने आणखी दुखलं. खडा साचून साचून गुदाशय ताणला गेला, आणि ताणलेल्या गुदाशयाला भरल्याची जाणीवच होईना. आता त्या खड्याच्या कडेने पातळ शौच झिरपतं आणि मुलाला ते खरोखर कळत नाही. वासही कळत नाही, कारण नाक सरावलेलं असतं. तोच भरलेला गुदाशय मूत्राशयावर दाबतो, म्हणून अंथरूणही ओलं होतं. अशा मुलाला रात्री पाणी बंद करून काय होणार? त्याला आधी पोट साफ व्हायचं औषध लागतं, तेही पालकांना वाटतं त्याहून बराच काळ. मग बसायची रीत. मोठ्यांच्या कमोडवर त्याचे पाय लोंबकळत असतात. पाय टेकले नाहीत तर मांड्या आणि पेल्विक फ्लोअर सैल पडत नाही. पायाखाली पाट ठेवला, गुडघे कमरेहून थोडे वर आले, जेवणानंतर ठरलेल्या वेळी पाच मिनिटं घाई न करता बसवलं आणि साबणाचे फुगे उडवायला दिले, की पुष्कळ काम झालं. फुंकताना कुंथता येत नाही, एवढं साधं त्यामागचं कारण. मोठ्या मुलांना कातडीवर चिकटवलेल्या सेन्सरच्या मदतीने, पडद्यावरचा खेळ खेळत, आवळणं आणि सोडणं शिकवता येतं. मुलांची आतून तपासणी करावी लागत नाही. मुख्य उपचार पालकांवर करावा लागतो: ओरडणं बंद.

खेळणाऱ्या मुलींबद्दल थोडक्यात. स्वीडनमधल्या वरच्या पातळीवरच्या ३५ ट्रॅम्पोलिन खेळाडूंचा २००२ मध्ये अभ्यास झाला. त्यांतल्या २८ जणींची सरावात लघवी सुटत होती. सगळ्या बारा ते बावीस वर्षांच्या, एकीचंही बाळंतपण झालेलं नव्हतं. प्रशिक्षक घोट्याचं विचारतो, पाठीचं विचारतो, हे विचारत नाही. मुली मग काळी पँट घालतात, पाणी कमी पितात, किंवा खेळच सोडतात. नाइसने २०२१ मध्ये १२ ते १७ वयाच्या मुलींना या स्नायूंची माहिती शाळेतच द्यावी असं सुचवलं, ते मला फार शहाणपणाचं वाटतं. शरीरशास्त्राच्या पुस्तकात दंडाचे स्नायू असतात, हे का नसावेत?

पुरुषांचा विषय निघाला की खोलीत शांतता पसरते. प्रोस्टेट काढून टाकल्यावर लघवीची नळी निघते आणि कर्करोगातून वाचलेला माणूस पॅडच्या दुकानाशी पोचतो. शस्त्रक्रियेआधी त्याला संमतीपत्रकात हे वाचायला मिळालेलं असतं, पण कुठला स्नायू कसा आवळायचा हे कुणी दाखवलेलं नसतं. बायकांना सांगायच्या खुणा त्याच्या उपयोगाच्या नाहीत. लघवी मध्येच थांबवायची आहे आणि शिश्न आत ओढून आखूड करायचं आहे असं मनात आणा, म्हटलं की त्याला बरोबर जागा सापडते. (खरोखर लघवी करताना रोज धार अडवून व्यायाम करू नये, ती खूण फक्त जागा ओळखायला.) इथे पुरावा बायकांइतका एकमुखी नाही, हे कबूल करायला हवं. २०११ मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत समोरासमोर शिकवल्याने नेहमीच्या देखभालीपेक्षा फार फरक पडला नव्हता. त्याआधीच्या काही चाचण्यांत पडला होता. म्हणून मी त्याला खात्री देत नाही. पण काय होईल, किती महिने लागू शकतात, पॅड किती भिजतं ते कसं मोजायचं, हे सांगणारा माणूस त्याला शस्त्रक्रियेआधी भेटावा यात वादाचं काय आहे?

दुसरे पुरुष तरुण असतात, आणि त्यांची अवस्था जास्त वाईट. वृषणांच्या मागे, गुदद्वारापुढे दुखतं, बसवत नाही, वीर्यपतनानंतर दुखतं. 'प्रोस्टेटला सूज' म्हणून अँटिबायोटिकचा एक कोर्स, मग दुसरा, मग तिसरा. प्रोस्टेटायटिस म्हणून गणल्या जाणाऱ्या दुखण्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांत जंतुसंसर्ग नसतोच. त्याला दीर्घकालीन पेल्विक वेदना म्हणतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे हेच स्नायू दाबले की दुखतात. सांगायला लाज, सांगितलं तर चेष्टेची भीती, आणि तपासणाऱ्याचं लक्ष लघवीच्या रिपोर्टवर. पेल्विक फिजिओच्या दारावर 'स्त्री-आरोग्य' अशी पाटी असेल तर हा माणूस आत येईल असं आपण कशावरून धरतो?

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झाल्याने योनीची आणि मूत्रमार्गाची त्वचा पातळ, कोरडी होते; तिथे लावायची इस्ट्रोजेनची क्रीम आणि व्यायाम यांची जोडी चांगली चालते, आणि अंग खाली उतरत असेल तर आतून आधार देणारी पेसरीची कडी बसवता येते. हे सांगणं दोन मिनिटांचं काम आहे. सांगितलं जात नाही, कारण 'वयच झालं' हे उत्तर त्याहून लवकर आटोपतं.

वय झालेल्यांशी आपण वागतो ते बघून मला सगळ्यांत जास्त चीड येते. रात्री घाई लागते, अंधारात माणूस धावतो, पडतो, खुब्याचं हाड मोडतं. हाडावर शस्त्रक्रिया होते, कागदावर लिहिलं जातं 'घरात पाय घसरून पडले'. ते धावले का, हे लिहिलं जात नाही. घाईच्या वेळी धावण्याने मूत्राशय उलट जास्त चिडतं. जागच्या जागी थांबायचं किंवा टेकायचं, पेल्विक फ्लोअर पाच-सहा वेळा पटपट आवळायचं, लाट ओसरू द्यायची आणि मग चालत जायचं. हे ऐंशीच्या माणसालाही शिकवता येतं. त्याऐवजी रुग्णालयात भरती झाल्या झाल्या डायपर लावला जातो. कधी तो गरजेचा असतो, नाही असं नाही. पण बरेचदा तो सांभाळणाऱ्यांच्या सोयीसाठी असतो, आणि चार दिवसांत स्वतः उठून जाणारा माणूस उठेनासा होतो. स्मृतिभ्रंश झालेल्यांनाही ठरावीक वेळाने 'जायचंय का?' असं विचारून सोबत नेलं तर ओलं होण्याचं प्रमाण कमी होतं. इथेही प्रश्न विचारण्यावरच अडलेलं आहे.

प्रश्न विचारला, उत्तर आलं, पुढे काय? इथे करुणेचा मुद्दा येतो आणि तो गोड बोलण्यापुरता घेतला तर सगळं फसतं. २००१ मध्ये काही बायकांना चित्रफितींतली धोक्याची दृश्यं दाखवून त्यांच्या या स्नायूंचा ताण मोजला; तो वाढला, आणि खांद्याच्या स्नायूंचाही वाढला. भीती वाटली की शरीर तळाशी आवळतं. मग घाबरलेल्या, अवघडलेल्या बाईच्या तपासणीत 'स्नायू आखडलेले' असं जे आपण लिहितो, ते तिच्या दुखण्याचं वर्णन की आपल्या दवाखान्याचं? विश्वास नसेल तर मोजमापच चुकतं. म्हणून इथे करुणा हा उपचाराच्या तंत्राचा भाग आहे, आणि तंत्र म्हटलं की त्याच्या ठरलेल्या पायऱ्या हव्यात.

पहिली भेट कशी असावी ते सांगते. दार आतून बंद होतं. नातेवाईक बाहेर, रुग्णाला हवी असेल ती एक व्यक्ती आत. कपडे अंगावर ठेवून बोलणं, आणि तेच सगळ्यांत लांब. तीन दिवसांची नोंदवही समोर: किती वाजता, किती प्यायलं, किती लघवी झाली, कधी सुटली. त्या कागदावर पुष्कळदा निदान लिहिलेलंच असतं: कुणी दर पाऊण तासाने 'असू द्या, जाऊन येऊ' म्हणून जात असतं, कुणी भीतीने दिवसभरात दोन पेले पाणी पीत असतं आणि गडद लघवीने मूत्राशय आणखी चिडत असतं. मग हाडांचा सांगाडा दाखवून काय कुठे आहे ते सांगायचं. मग विचारायचं: आतून तपासू का? पोटावरून सोनोग्राफी करूनही बरंच कळतं, आज नको असेल तर तसंही चालेल, कधीच नको असेल तरी उपचार थांबणार नाहीत. होकार आला तर अंगावर चादर, हातमोजा, एक बोट, आणि प्रत्येक पाऊल आधी सांगून. 'आवळा' म्हटलं की काही जणींचा पार्श्वभाग उचलला जातो, काही जणी श्वास कोंडतात, आणि आत काहीच हलत नाही. 'सोडा' म्हटल्यावर कधी दहा सेकंदांनी हळूहळू सैलपणा येतो, कधी येतच नाही. मध्येच बाई 'थांबा' म्हणाली तर हात त्या क्षणी बाहेर, का ते विचारायचं नाही. कुणावर पूर्वी अत्याचार झालेला असू शकतो, कुणाची प्रसूती भयंकर गेलेली असू शकते. ते तिने सांगितलंच पाहिजे असं नाही. प्रत्येकीशी तसं असू शकतं असं धरूनच वागायचं.

हे सगळं इतकं काटेकोर का, याचं उत्तर लॅरी नासर या नावात आहे. अमेरिकन जिम्नॅस्टिक्स संघाचा हा डॉक्टर. उपचाराच्या नावाखाली त्याने वर्षानुवर्षं मुलींवर लैंगिक अत्याचार केले, आणि हा रीतसर वैद्यकीय उपचार आहे असा बचाव तो करत राहिला. २०१८ मध्ये त्याला मिशिगनमध्ये ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. तो वागायला अतिशय गोड होता, असं त्याच्याकडे गेलेल्या अनेक जणींनी सांगितलं आहे. म्हणून गोडव्यावर भिस्त नको. लेखी संमती, सोबतीचा हक्क, हातमोजा, नोंद, तक्रारीची जागा यांवर भिस्त हवी.

आक्षेप येतात. पहिला, शस्त्रक्रियेने लवकर काम होतं. काही बाबतींत हे खरं आहे. २०१३ च्या डच चाचणीत ४६० बायकांपैकी ज्यांच्यावर आधी मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसवायची शस्त्रक्रिया झाली त्यांतल्या ९०.८ टक्क्यांना वर्षभराने बरं वाटत होतं. आधी फिजिओ मिळालेल्यांत ६४.४ टक्क्यांना, आणि या गटातल्या जवळजवळ निम्म्या जणींनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतली. मध्यम ते तीव्र गळती असलेल्या बायकांच्या बाबतीत हे आकडे लपवून उपयोग नाही. त्यांना दोन्ही पर्याय सांगावेत. पण त्याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा की फिजिओ मिळालेल्यांपैकी निम्म्याहून किंचित जास्त जणींना शस्त्रक्रिया लागली नाही. आणि शस्त्रक्रिया परत फिरवता येत नाही. अंग बाहेर येऊ नये किंवा लघवी गळू नये म्हणून योनीमार्गे बसवायच्या कृत्रिम जाळीने किती बायकांचं आयुष्य नासलं ते गेल्या काही वर्षांत उघड झालं: इंग्लंडने २०१८ मध्ये तिचा वापर थांबवला, अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१९ मध्ये अंग बाहेर येण्यावरच्या जाळीची विक्री थांबवायला लावली, आणि २०२० मध्ये ब्रिटनमधल्या जूलिया कंबरलेज यांच्या चौकशी अहवालाने बायकांच्या तक्रारी किती काळ झटकून टाकल्या गेल्या ते मांडलं. आधी व्यायाम, मग जाळीचा विचार, हा क्रम पाळला असता तर त्यांतल्या काही जणी तरी वाचल्या असत्या.

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. एकेकीला पाऊण तास द्यायला इतके फिजिओ आणायचे कुठून? हा खरा प्रश्न आहे, पण उत्तर नसलेला नाही. कॅनडातल्या २०२० च्या चाचणीत साठीच्या पुढच्या ३६२ बायका होत्या. आधी प्रत्येकीला एकेकटीने स्नायू आवळायला शिकवलं, मग अर्ध्या जणींनी आठ-आठच्या गटात बारा आठवडे व्यायाम केला, अर्ध्या जणींनी फिजिओबरोबर एकेकटीच्या भेटींत. वर्षभराने गटाचा निकाल एकटीच्या निकालापेक्षा कमी नव्हता. पहिली भेट खासगी, पुढचं गटात. परवडत नाही म्हणणाऱ्यांनी पॅड, डायपर, त्वचेचे जंतुसंसर्ग आणि मोडलेले खुबे यांचा हिशेबही शेजारी मांडावा.

तिसरा आक्षेप मला जास्त विचारात घ्यावासा वाटतो: प्रत्येक शिंकेला आजार ठरवून आपण निरोगी माणसांना रुग्ण करतोय का? भीती रास्त आहे. पण दवाखाना गप्प राहिला म्हणून विषय गप्प राहत नाही, बाजार बोलतो. पॅडच्या जाहिराती हसत हसत सांगतात की हे चालायचंच. लेझरने योनी 'तरुण' करून देणारे दुसऱ्या टोकाला असतात. एफडीएला २०१८ मध्ये अशा दाव्यांविरुद्ध जाहीर इशारा द्यावा लागला. विचारणं म्हणजे उपचार लादणं नव्हे. थोडी गळती आहे, तिचं काही वाटत नाही, असं एखादी म्हणाली तर तिथे थांबायचं.

विचारायचं तरी काय? तीन प्रश्न पुरतात. गेल्या महिन्यात लघवी किंवा शौच नकळत झालं का? त्या भागात काही दुखतं का, जड वाटतं का? आणि यामुळे एखादी गोष्ट करायची सोडली का? तिसऱ्याला सगळ्यांत खरी उत्तरं येतात: प्रवास सोडला, नाच सोडला, नातवाला उचलणं सोडलं, नवऱ्याजवळ झोपणं सोडलं. आणि विचारायचं कधी? मुलांच्या लसीकरणाच्या वेळी पालकांना, शाळेच्या तपासणीत, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनीच नव्हे तर वर्षानेही, मधुमेहाच्या तपासणीत, प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेआधी, पडून आलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला. विचारणारी नर्स असली तरी चालेल, छापील कागद असला तरी चालेल; कागदावर खूण करणं तोंडाने सांगण्यापेक्षा सोपं जातं.

एक अट मात्र आहे. उत्तर 'हो' आलं आणि पाठवायला जागाच नसली, तर त्या माणसाला आपण उघडं पाडून तसंच सोडलं असं होतं. म्हणून फिजिओथेरपीच्या पदवीतच हा विषय प्रत्यक्ष सरावासकट हवा, पुरुष रुग्णांसह आणि मुलांसह. आज तो बहुतेकांना पदवीनंतर स्वतः शोधून शिकावा लागतो. आणि जिथे असा फिजिओ पोचायला अजून वेळ आहे, तिथल्या डॉक्टरने निदान तीन दिवसांची नोंदवही हातात द्यावी, बद्धकोष्ठतेवर त्याच दिवशी उपचार सुरू करावा आणि महिन्याने परत बोलवावं. त्यासाठी वेगळी पदवी लागत नाही.